जयवंताबाईंचा टाचेचा दगड

जयवंताबाई भाकर थापत होत्या, तेवढ्यात कडी वाजली. दारात कॉलेजच्या मॅडम! परवा पाणी प्यायला थांबल्या, तेव्हा न्हाणीतल्या दगडाचा फोटो काढून नेला होता त्यांनी.

"मावशी, तो दगड नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या हत्तीची दाढ आहे! कुठं सापडली?"

"गोदाकाठच्या रानात, मेंढरं चारताना. खरबरीत होती, म्हणलं टाचा घासायला बराबर."

"बारा वर्सं हत्तीच्या दाढेनं टाचा घासून राह्यली," नवरा बिरू हसला, "तरी भेगा जाईनात!"

"तुमचं तोंड घासाया पायजे होतं." जयवंताबाईंनी दाढ धुऊन, पदरानं पुसून पुढं केली, बोटं मात्र लवकर सुटेनात.

"न्या मॅडम. पण मेंढरांमागं दिवसभर मलाच चालायचंय. टाचा घासायला तेवढी एक वज्री आणून द्या."