फळीखालचा दिवा

आमच्या आतोबांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा, या भूतलावर एकाच माणसावर विश्वास होता आणि तो माणूस म्हणजे ते स्वतः. तोसुद्धा पुरता नव्हता. दाराला कडी घातली की नाही या बाबतीत त्यांना स्वतःचाही भरवसा वाटत नसे. अर्ध्या वाटेवरून परत येऊन बंद दाराला चार धक्के मारले की मगच ते बाजाराला जात. मी तेव्हा रत्नागिरीच्या कचेरीत नवा कारकून होतो आणि त्यांच्याकडेच राहत होतो, म्हणून हे सारं डोळ्यांनी पाहिलंय. पोस्टमनने पत्र दिलं की आधी पाकिटाचा डिंक ओला आहे का ते बघत. नारळ पाडायला आलेला गडी माडावरून उतरेपर्यंत बुंध्याशी मान वर करून उभे राहत आणि उतरला की विचारत, "वर एवढा वेळ काय करत होतास रे?" आता माडावर माणूस काय करणार, कपाळ! शेजाऱ्यांनी गरे पाठवले तर "आज एकदम गरे कसे?" आणि नाही पाठवले तर "यंदा गरे का नाहीत?"

पण खास राखून ठेवलेला संशय होता तो तांदळाच्या दुकानदारावर. जेवताना दाताखाली कट्टकन खडा आला की आतोबा घास थांबवत, खडा धुऊन घेत आणि तपकिरीच्या रिकाम्या डबीत ठेवत. हा पुरावा. आमचं अंगण जांभ्याचं, तांबडं; दुकानाच्या मागे काळी खडी पडलेली. काळा खडा निघाला की गुन्हा शाबीत! "मुद्दाम मिसळतो मेला," ते म्हणत. तांबडा निघाला तर? "आळ आपल्या अंगणावर यावा म्हणून तांबडेही घालतो. मी काय ओळखत नाही?" दर पंधरा दिवसांनी ते डबी घेऊन दुकानात जात आणि चार गिऱ्हाइकांसमोर खडे मांडत. दुकानदार बिचारा नुसते हात जोडी.

"अहो, त्याला कशाला बोल लावता?" आत्या म्हणायची. "सैपाकघरात काळोख आहे. मला खडे दिसत नाहीत. तेवढा एक दिवा घ्या."

वीज ओटीवर येऊन दोन वर्षं झाली होती, पण सैपाकघर मागच्या अंगाला, फणसाच्या सावलीत. तिथं भर दुपारीसुद्धा अंधूक. जन्मात काही न मागितलेली आत्या या दिव्यासाठी मात्र वर्षभर मागे लागली होती. आतोबांना वाटे, दिवा लागला की आपल्या ताटातलं शेजाऱ्यांना दिसणार. शेवटी एकदा तव्याची कड न दिसून आत्याचा हात चांगलाच पोळला, तेव्हा ते उठले आणि कासमभाईंना घेऊन आले. कासमभाई अर्धा जन्म बोटीवर वायरमन होते आणि आता गावात दिवे बसवत.

"आढ्याला एक टांगतो काका, झालं," कासमभाई म्हणाले.

झालं? आतोबांच्या बाबतीत असं कधी झालंय? त्यांनी दारंखिडक्या लावून घेतल्या, आढ्याला कंदील टांगला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच आत्याच्या पाटावर बसून सूप पुढ्यात ओढलं. त्यांची स्वतःची सावली नेमकी सुपात पडली. "बघा!" ते विजयाने ओरडले. "उजेड माझ्या टकलावर आणि तांदूळ काळोखात! हेच खपवणार होता ना?"

कासमभाई हसले. "मग दुसरा फळीच्या पोटाला घेऊ. बोटीवर भटारखान्यात तसाच असतो. आचाऱ्याच्या हातावर उजेड पडायला नको?"

डब्यांच्या फळीखाली दिवा बसला. त्याच्या धगीने वरचे डबे तापतील या संशयाने आतोबांनी फळीवर गुळाची ढेप ठेवली आणि ती विरघळते का ते तासभर बघत बसले. ढेप काही विरघळली नाही. मग स्वतः सुपात खडा न् खडा टिपून पाहिला आणि आत्याला हाक मारली, "ये गो, बस आता. राणीसारखी बस."

आत्या बसली. दिव्याचा उजेड थेट तिच्या हातांवर पडला होता. तिची बोटं तांदळावरून फिरू लागली आणि तुरीच्या डाळीएवढ्या काळ्या खड्याला ओलांडून सरळ पुढे गेली. मी आतोबांकडे पाहिलं. ते त्या खड्याकडे बघत होते.

"दिसतंय ना?" त्यांनी विचारलं.

"लख्ख दिसतंय हो!"

आता हे उलटतपासणी घेणार, असं मला वाटलं. पण आतोबा म्हणाले, "झालं तर मग."

आठवड्याभरात आतोबा आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी डोळ्याची शीर सुकत चालल्याचं आतोबांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्याने तेच सांगितलं, तिसऱ्यानेही तेच. तिघांचं संगनमत आहे, असं ते मला म्हणाले खरे, पण चौथ्याकडे काही गेले नाहीत. आत्याला तिन्ही वेळा "थकवा आहे" एवढंच सांगितलं.

त्यानंतर दाताखाली खडा म्हणून आला नाही. एकदा दुकानदाराने मला काळजीने विचारलं, "काका बरे आहेत ना? बऱ्याच दिवसांत भांडायला आले नाहीत."

उलगडा झाला तो एका सकाळी. आत्या तुळशीला पाणी घालत होती आणि फळीखालच्या दिव्यात आतोबा सूप घेऊन तांदूळ निवडत होते. निवडून झाल्यावर त्यांनी कनवटीची डबी काढली, त्यातले तीन मोठे खडे वेचले आणि पुन्हा सुपात टाकले. मला पाहून दचकले. "काय बघतोस? दिवा तपासतोय."

थोड्या वेळाने आत्या येऊन बसली. बोटांना लागलेला खडा तिने बाजूला टाकला आणि म्हणाली, "सापडला हो!"

"दिव्याने काम केलं," आतोबा म्हणाले.

आतोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागे आत्याकडे गेलो होतो, तेव्हा न राहवून तिला हे सांगितलं. तिला आता काहीच दिसत नाही. ती खूप हसली.

"अरे, मला ठाऊक होतं! एका बाजूला चपटा असा एक खडा होता. आज टाकला की परवा पुन्हा सुपात हजर! जन्मभर त्या दुकानदारावर आळ घेतला, आणि खडे मिसळणारे निघाले हे."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळे आपल्याला फसवतात, असंच वाटायचं रे त्यांना. म्हटलं, एकदा त्यांनाही कुणालातरी फसवू दे."

तिने चाचपडत फळीखालच्या दिव्याचं बटण दाबलं आणि माझ्याकडे तोंड करून विचारलं, "लागला ना रे? बघ नीट."

"लख्ख," मी म्हणालो.