शरणम्माला थारा नव्हता

शरणम्मा ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकायची. लातुरात आमच्या शेजारीच तिचं घर. तव्यासमोर बसण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती दवाखान्यात राहून आली आणि त्यानंतर तिला एका जागी बसवेनाच. परातीत पीठ घेतलं की उठायची, खिडकी उघडायची, अंगणात जाऊन परत यायची. कधी मीठ विसरायची, कधी तव्यावरची भाकरीच. चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. मधेच छातीतून ऊब उठून मानेवर, कानांवर चढायची आणि पोलकं भिजून जायचं.

"कोरोना अजून उतरलाच न्हाई माझा," ती म्हणायची.

सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसली की तिथंही तिला बसवत नसे. पूजा कशीबशी उरकून ती उठे आणि मग दिवसभर ते मनाला लागून राही.

पाळी बंद झाली होती, हे घरात कोणाला कळलंच नाही. गल्लीतल्या काही जणी अजून चार दिवस बाजूला बसतात. त्यांची पाळी चुकली तर शेजारच्या पोरींनाही कळतं. या लिंगायतांच्या घरात तो विटाळ पाळत नाहीत. शरणम्माचा स्वयंपाक रोजचा, पूजा रोजची. आजारानंतर जे जे तिच्या डोक्यातून निसटलं, त्यात हेही निसटलं.

"बस की जरा," नवरा मल्लिकार्जुन म्हणायचा. "तुझ्याकडं बघून मलाच चक्कर यायलीय."

"मला काय हौस हाय का फिरायची?"

शेवटी शिरूर अनंतपाळहून मोठी नणंद साखराबाई आली आणि तिने निकालच लावला.

"पिशवी खराब झाली असंल. काढून टाक. आमच्याकडं कितीजणींनी काढली. मी तर पस्तिशीच्या आतच काढली. मोकळी झाले."

"त्यानं झोप लागंल का, अक्का?"

"न लागायला काय झालं?"

शरणम्माला झोप हवी होती. कान कापल्यावर झोप लागते असं कुणी सांगितलं असतं, तर तिने तोही पुढे केला असता. साखराबाईच्या ओळखीच्या दवाखान्यात, धड तपासणीही न होता, ऑपरेशन ठरलं.

त्या सकाळी रिक्षा दारात उभी होती. सोबतीला जायचं म्हणून मीही त्यांच्या घरी येऊन बसले होते. शाल गुंडाळून बसलेल्या साखराबाईने एकाएकी शाल भिरकावली.

"पंखा लाव रे."

"अक्का, पौष हाय," मल्लिकार्जुन म्हणाला.

"लाव म्हटलं की लाव! शेकोटीत बसल्यावानी व्हायलंय."

तिचं तोंड लाल झालं होतं, कपाळ घामाने चमकत होतं. येरझारा घालणारी शरणम्मा थांबली.

"हे कधीपासनं व्हायलंय तुम्हाला?"

"हे होय? पित्त हाय माझं. लई जुनं."

"पिशवी काढायच्या आधीपासनं?"

साखराबाई पदराने मान पुसत राहिली. "न्हाई," ती म्हणाली. "काढल्यावरच."

"आन् मला म्हणलात, मोकळी झाले!"

"महिन्याच्या कटकटीतनं मोकळी झाले. उगं वाकड्यात शिरू नको."

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

"मी तिकडं येणार न्हाई," शरणम्मा म्हणाली.

"अगं, अक्काचा शब्द हाय तिथं," मल्लिकार्जुन म्हणाला.

"अक्काची पिशवी गेली तेवढी बस झाली. माझी राहू द्या."

साखराबाई चिडेल असं वाटलं होतं, ती हसली. "तोंड तर बरं चालायलंय दुखणेकरणीचं!"

मग रिक्षा मी सुचवलेल्या बाई डॉक्टरांकडे वळली. त्यांनी पहिल्यांदा पाळीचंच विचारलं. मल्लिकार्जुन भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिला. "वरीस झालं असंल," शरणम्मा आठवून आठवून म्हणाली. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, पाळी गेली आहे आणि कोरोनाचा मागे राहिलेला त्रासही आहे. दोन्ही एकाच अंगात आल्यामुळे कुठलं कशाचं हे वेगळं करणं अवघड. रक्त तपासू, हृदय तपासू, औषधं देऊन बघू. पिशवीला हात लावायचं कारण दिसत नाही. पण वेळ लागेल.

"वेळ म्हणजे?" शरणम्मा खुर्चीतून उठलीच. "मला आजच झोप पाहिजे, बाई."

"आजचं वचन मी देऊ शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

शरणम्मा बाहेरच्या बोळात जाऊन फेऱ्या मारू लागली. साखराबाई तिच्या रिकाम्या खुर्चीवर सरकली.

"तू जा, तिच्याजवळ थांब," तिने भावाला पिटाळलं. दार लागलं तशी ती पुढे झुकली. "बाई, माझी तर काढून टाकलीय. आता माझ्यावर काय करता येतंय का?"