अठ्ठेचाळीस केबीतली रापण

मार्चमध्ये मला इंग्लंडहून एका अनोळखी गृहस्थांचा ईमेल आला. जुन्या घरगुती कॉम्प्युटरचे, जाहीर होऊन कधीच बाजारात न आलेले गेम शोधून जपायचे, हा त्यांचा छंद. लोकांना काय काय छंद असतात! एका जुन्या मासिकात त्यांना माझं पत्र सापडलं होतं. मी मालवणची कॉलेजातली मुलगी, मासेमारीचा गेम लवकरच आणते आहे, असं मी त्यात ठोकून दिलं होतं. तो गेम कुठे आहे, असं त्यांनी नम्रपणे विचारलं होतं.

घ्या! मी साठीची बाई, कणकवलीच्या कॉलेजात जन्मभर कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालेली, आता मालवणला काका-काकींकडे परतलेली, आणि तरुणपणीची फुशारकी अशी दारात उभी.

झालं होतं असं. बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या दादाने परदेशातून रबरी बटणांचा छोटा काळा कॉम्प्युटर आणला होता. टीव्हीला जोडायचा, गेम कॅसेटवर साठवायचा. मी त्यात रापण रचली, म्हणजे समुद्रात सोडून किनाऱ्यावरून ओढायचं ते लांबलचक जाळं. किनाऱ्यावर एक माणूस, दोर ओढला की जाळं वर, जितके मासे तितके गुण. काका रापणीचे मालक, म्हणून त्यांना ऐटीत दाखवला.

"एकटोच? रापण एकटो माणूस ओढता? बाकीचे खंय गेले, मेले?"

खरंच होतं. रापणीचा दोर ओढायला तीस-चाळीस माणसं लागतात आणि दोराला हात लावील त्याला वाटा मिळतो. मी हट्टाने माणसं काढायला घेतली. वेडी मी, प्रत्येक वेगळा काढत होते, कारण काका शेजारी बसून सांगायचे, ह्याला टक्कल आहे, त्याची लुंगी आखूड आहे. बाराव्या माणसाला मेमरी संपली. अठ्ठेचाळीस केबी ती केवढी! पुढे माझं लग्न ठरलं आणि गेम बारगळला.

काकांची खरी रापण दोन वर्षांपूर्वी बंद पडली. ओढायला माणसंच मिळेनात. जाळं विकलं त्या दिवसापासून पंच्याऐंशीचे काका ओट्यावर समुद्राकडे पाठ करून बसू लागले. हाक मारली तर नुसतं 'हूं'. ताट अर्धं तसंच. मला ते बघवत नव्हतं. खरं सांगायचं तर भीती वाटत होती.

ईमेल आल्यावर मी कॅसेट शोधून गेम लॅपटॉपवर चढवला. मेमरी तेवढीच ठेवली, नाहीतर जुन्या कॉम्प्युटरवर तो चालणार कसा? या वेळी मात्र एकच माणूस काढून तीसदा वापरला. एवढी साधी अक्कल तेव्हा नव्हती! मग काकांना हाताला धरून आणलं.

त्यांनी वाकून बघितलं. "सगळे जुळे काय गो?"

दोन वर्षांनी अख्खं वाक्य! मी मुकाट्याने प्रत्येकाला वेगळी टोपी चढवली. दुसऱ्या दिवशी काका आपणहून आले, धुतलेला शर्ट घालून. "दोर गुंडाळूक कोण नाय? दोर असो पडान रवता?" मग कावळे हवे झाले. मग मालक कुठे उभा राहतो यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. ते माझ्यावर ओरडले, मी त्यांच्यावर. काकी म्हणाली, शेजारी काय म्हणतील! पण त्या दिवशी काका दोनदा भात घेऊन जेवले. इंग्लंडचे गृहस्थ मध्येमध्ये विचारत, झाला का? मी लिहायची, होतोय.

गेल्या महिन्यात सगळं बसलं. माणसं, दोर, कावळे, वाटे. मेमरीत कणभर जागा उरली नाही. मेल लिहून झाला, फक्त पाठवायचा होता. तेवढ्यात काका आले. बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. चूक सापडेना.

"संपलो काय गो गेम?" त्यांनी विचारलं. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "मगे फाल्यां सकाळपासून माजा हंय काय काम नाय."

मी न पाठवलेला मेल तसाच बंद केला.

"संपता कसलो?" मी तडकून म्हटलं. "ह्यात वारो खंय आसा? वाऱ्याशिवाय रापण घालतत काय, काका? इतके दिवस तुमच्या लक्षात कसा इला नाय?"

काका दचकले. मग स्वतःवरच चिडून त्यांनी कपाळाला हात लावला.

"व्हय गो! वारो रवलोच." त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मांडी घालून बसले. "लिवन घे. आधी सकाळचो वारो."