जिनिंगमध्ये ओरडून सांगितलेला पासवर्ड

मंडळी, विसरायच्या आत लगेच लिहितेय.

आज मलकापूरजवळ एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, शूटिंग होतं. नायिका कापसाच्या ढिगावर डोळे मिटून पडलेली आणि तारेवरून कॅमेरा तिच्या चेहऱ्याकडे उतरणार. तो दूर बसून वायफायवरून चालवणार होते मी.

रिहर्सलला मी थांबवायचं बटण दाबलं, तरी कॅमेरा हातभर पुढे गेला आणि मग थांबला.

"सर, टेक नको. सिग्नल उशिरा पोचतोय."

"ऊन उतरतंय! तू नवीन आहेस, उगाच घाबरतेस," दिग्दर्शक म्हणाले.

"तिच्या तोंडावर आदळेल, सर. मी चालवणार नाही."

तेवढ्यात एक हमालकाका पुढे आले. "ताई, तुमचं वायफाय लागलं, पण रील काऊन चालून नाही राह्यली?"

"पासवर्ड कोणी दिला तुम्हाला?"

"तुमीच तं सकाळी बोंबलत होत्या, सरकी एक दोन तीन चार!"

यंत्रांच्या आवाजात मी सहाय्यकाला ओरडून सांगितला होता. अख्खी जिनिंग जोडली गेली आणि त्या गर्दीत माझा सिग्नल अडकत होता.

पत्र्याने सिग्नल अडतो म्हणून दोष पत्र्याच्या शेडवर ढकलता आला असता. घरातली पहिली पदवीधर मी, चूक कबूल करणं जड गेलं. तरी म्हणाले, "सर, चूक माझी." पासवर्ड बदलला, कॅमेरा पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला; आता तो जागच्या जागी थांबत होता.

नायिकेला विचारलं, "भीती वाटतेय?"

केसांतला कापूस झटकत ती म्हणाली, "मघाशी तूच थांबवलंस ना? मग पडते मी परत."

तुमच्या कामात सगळ्यात नवं माणूस 'थांबा' म्हणालं, तर ऐकतात का हो?