चार थ्रॉटल आणि युनूसभाईचा कान

इंजिन खोलून परत बांधलं की एखाद-दोन नट-बोल्ट हमखास उरतात. का उरतात ते विचारायचं नाही. गाडी चालू झाली ना, मग ते डब्यात टाकायचे आणि गिऱ्हाइकाला चहा सांगायचा. आमच्या जळगावातल्या पिंप्राळ्याच्या गॅरेजमध्ये बावीस वर्षांत असा एक पत्र्याचा डबा भरला, आणि किस्सेही तसेच साठत गेले. डबा मी मागच्या महिन्यात भंगारात दिला. किस्से भंगारवाला घेत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

बहुतेक किस्से युनूसभाईचेच. युनूसभाई माझा पार्टनर. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, अंगाने काटकुळा, आणि कान असा तिखट की रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून सांगायचा, तिसऱ्या सिलिंडरचा प्लग गेलाय म्हणून. आता तो धुळ्याला असतो. चूक माझी होती, ते पुढे येईलच. तो परत यावा असं मला रोज वाटतं, आणि हे माझं त्याला सोडून सगळ्यांना सांगून झालंय.

* * *

गाड्यांमध्ये सेन्सर आले तेव्हा मी आधी बिघाड वाचणारा स्कॅनर घेतला, मग लॅपटॉप. युनूसभाईने त्याला हातही लावला नाही. त्याची आपली वेगळीच पद्धत. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका सेन्सरचं सॉकेट उपटायचं. उपटल्यावर इंजिन दचकलं, तर सेन्सर जिवंत. इंजिनला काहीच वाटलं नाही, तर तो आधीच मेलेला.

एकदा एका सरकारी साहेबांची गाडी होती. युनूसभाईने सॉकेट काढलं, इंजिन तसंच चालू. साहेबांनी विचारलं, याचा अर्थ काय?

"साहेब, हा रोज कामावर येत होता, पण काम करत नव्हता."

साहेब हसले नाहीत. पुढची सर्व्हिसिंग त्यांनी दुसरीकडे केली.

* * *

दुसरा किस्सा माझ्यावरचा आहे, तरी सांगतो. मे महिना होता. जळगावचा मे म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. पत्र्याखाली एक गाडी उभी होती. इंजिन सकाळपासून बंद, आणि लॅपटॉपवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान दिसतंय सत्तेचाळीस! मी म्हटलं, सेन्सर गेला. नवीन बसवला. सत्तेचाळीस. दुसऱ्या कंपनीचा मागवला. परत सत्तेचाळीस. मग मी वायरिंगवर घसरलो, अर्धा डॅशबोर्ड उघडून बसलो.

युनूसभाई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन कूलरसमोर बसला होता. दोन तास त्याने माझी गंमत पाहिली. मग म्हणाला, "विलास, सेन्सर बरोबर आहे. जळगाव बिघडलंय."

मी गुपचूप जुना सेन्सर परत बसवला. पुढे आठवडाभर येईल त्या गिऱ्हाइकाला तो हे सांगत होता. तेव्हा मला राग यायचा. आता मे आला की कोणी चिडवायला नाही म्हणून करमत नाही.

* * *

मग चोपड्याच्या नानांची गाडी आली. नाना केळीवाले, सत्तरीचे, धोतर-टोपीतले. गाडी जुनी, छोटी. पुण्याला शिकणाऱ्या नातवाने त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की हिला चार थ्रॉटल बसवायचे. साध्या गाडीत हवा आत घ्यायला एकच थ्रॉटल, म्हणजे झडप, असतो, इथे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र. पाय दाबला की चारही एकदम उघडतात, आणि जो आवाज येतो त्याने अंगावर काटा उभा राहतो. नाना खोकं घेऊन आले आणि अहिराणीत म्हणाले, "बठ्ठं सामान शे यामा, लाई द्या." म्हणजे सगळं यात आहे, बसवून द्या.

असलं काम आम्ही दोघांनी कधी केलेलं नव्हतं. बसवणं जमलं. खरी मेख पुढे होती. चारही थ्रॉटलमधून हवा अगदी सारखी जायला पाहिजे, नाहीतर इंजिन थरथरतं. युनूसभाईने हातभर रबरी नळी घेतली. एक टोक थ्रॉटलच्या तोंडाशी, दुसरं कानात. डोळे मिटून एकेक ऐकायचा आणि स्क्रू केसभर फिरवायचा. त्या वेळी कोणी बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. समोरच्या पीठगिरणीवाल्यालाही त्याने गिरणी थांबवायला लावली होती. चारही तोंडांचा सूंऽऽ एकसारखा झाला तेव्हा त्याने नळी माझ्या कानात घातली. मला कळलं काहीच नाही, पण तो इतका खूश होता की मी मान डोलावली.

* * *

पंधरा दिवसांत नानांचा फोन, गाडी मेली. स्टार्टर फिरतो, पण इंजिन उचलतच नाही. चोपड्याहून ट्रॅक्टरला बांधून आणली. मी लॅपटॉप लावला. थ्रॉटलचा सेन्सर ठीक, तापमानाचा ठीक, सगळं ठीक, आणि गाडी ढिम्म.

युनूसभाईने बॉनेट उघडलं आणि खाली बसूनच हसायला लागला. चारही थ्रॉटलच्या तोंडांना स्वच्छ धुतलेलं फडकं, वर सुतळीची गाठ. लोणच्याच्या बरणीला बांधतात अगदी तसं! हवाच आत जात नव्हती, तर गाडी काय करणार?

नानांनी तिथूनच घरी फोन लावला. त्यांची बायको, अक्का, तिकडून जोरात म्हणाल्या, "तोंडं उघडी शेतस, त्यामा पाल पडनी तर?"

युनूसभाई म्हणाला, अक्का बरोबर बोलल्या. त्याने चारही तोंडांना बारीक जाळी बसवली आणि ती फडकी धुऊन, घडी घालून नानांकडे परत दिली.

* * *

आता माझी चूक.

कापसाच्या दिवसांत तीच गाडी पुन्हा आली. उभी असताना इंजिनाचा वेग आपोआप वर-खाली व्हायचा. मी लॅपटॉप लावून आकडे बघत होतो. युनूसभाई नळी घेऊन आला आणि म्हणाला, आधी मला ऐकू दे. नाना समोर बसलेले. मला काय झालं देव जाणे, मी म्हणालो, "युनूसभाई, ठेव ती नळी. तिचे दिवस गेले आता."

त्याने नळी गुंडाळून खिशात घातली, हात धुतले आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, धुळ्याला मेहुण्याच्या गॅरेजवर गेलाय. मला वाटलं, चार दिवसांत राग उतरेल. दिवाळी गेली, संक्रांत गेली. त्याचा स्टूल मी कोणाला वापरू दिला नाही, पण फोनही केला नाही. मूर्खपणा, दुसरं काय!

गाडीचं काय झालं तेही सांगतो. एक थ्रॉटल जाळीतून शिरलेल्या कापसाच्या तंतूने किंचित उघडा राहत होता. मी ते न बघता लॅपटॉपला शिकवून ठेवलं की थ्रॉटल बंद म्हणजे हेच. त्यानंतर जे जे केलं ते सगळं त्या चुकीवर उभं. गाडी कशीबशी चालायची, नाना घेऊन जायचे, परत आणायचे. चौथ्या खेपेला ते बाकावर बसून युनूसभाईच्या स्टुलाकडे बघत म्हणाले, "विलास, त्यासले भेट ना एकदाव."

* * *

आम्ही धुळ्याला निघालो. गाडी वाटेत एरंडोलला बंद पडली, पारोळ्याला बंद पडली. मला बरंच वाटत होतं. पोचायला जितका उशीर तितकं बरं, कारण काय बोलायचं ते ठरत नव्हतं.

युनूसभाई एका टेम्पोखाली आडवा होता. आमच्या गाडीचा आवाज ऐकून बाहेर आला. माझ्याकडे बघितलं नाही. नानांना पाणी दिलं, अक्कांची तब्येत विचारली, खिशातून नळी काढली. दुसऱ्या थ्रॉटलपाशी थांबला, चिमटीने तो तंतू काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. वीस मिनिटांत चारही सारखे केले. मग म्हणाला, "आता तुझं मशीन लाव."

मी लावलं, थ्रॉटलचा सेन्सर शून्यापासून नव्याने शिकवला. इंजिन शांत झालं. युनूसभाईने पहिल्यांदाच लॅपटॉपमध्ये डोकावून पाहिलं आणि चारही सिलिंडरच्या रेघा सरळ बघून म्हणाला, छान दिसतं रे.

तेव्हा म्हणायला पाहिजे होतं, चल घरी. नव्वद किलोमीटर मी तेच घोकत आलो होतो. आणि तोंडातून काय निघालं? "इथे ऊन कसं आहे?"

तो म्हणाला, जळगावपेक्षा कमी.

* * *

तेव्हापासून एक झालं, फोन सुरू झाला. एखादी गाडी अडली की मी त्याला फोन लावतो आणि मोबाइल इंजिनपाशी धरतो. तो धुळ्यात बसून ऐकतो, सांगतो, हे बघ, ते बघ. दहातल्या आठ वेळा बरोबर निघतं. मग तो फोन ठेवतो, कारण तिकडेही गिऱ्हाईक उभं असतं.

पण अडलेल्या गाड्या तरी किती येणार? मागच्या मंगळवारी दुपारी गॅरेजमध्ये एकही नव्हती. नानांची गाडी होती, ती नुसती ऑइल बदलायला आलेली, एकदम ठणठणीत. नाना जेवायला गेलेले. मी ती चालू केली, धुळ्याला फोन लावला आणि म्हणालो, "युनूसभाई, ते... म्हणजे बघ ना... जरा वेगळाच आवाज येतोय." आणि मोबाइल इंजिनवर धरला.

तो ऐकत राहिला. एरवी दहा सेकंदांत सांगणारा माणूस, दोन मिनिटं झाली तरी बोलेना. मला वाटलं फोन कट झाला, म्हणून मी कानाला लावला.

तिकडून तो हळूच म्हणाला, "विलास, चारही बरोबर चालू आहेत. हा पाचवा कोण अडखळतोय?"