आधा चक्कर

आमच्या मोटारसायकलीला भोंगा नव्हता, आणि त्याची कधी गरजही पडली नाही. तिचा किलच (शिकलेले लोक क्लच म्हणत, मीही शिकलेला होतो, पण चारचौघांत किलचच म्हणायचो) असा खडखडायचा, की मी गोंदिया सोडलं की इकडे मुर्रीत आमच्या घरी चुलीवर भाताचं आधण चढायचं. दरेकशाच्या जंगलात नोकरी करणारा एक साहेब विलायतेला परत निघाला, त्याच्याकडून मी ती घेतली होती. देताना तो इतका का हसत होता, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

एकदा रोवणीच्या दिवसांत बाबा धानाच्या रोपांनी भरलेली बैलगाडी घेऊन शेतात चालले होते. समोरून मी आलो. हरण्या आणि लाल्या ही आमची बैलजोडी खडखड ऐकताच उधळली आणि गाडी, रोपं व बाबा अशा सगळ्यांना घेऊन शेजाऱ्याच्या चिखलात शिरली. बाबा उठले, डोक्यावरची रोपं काढून हातात घेतली आणि शांतपणे म्हणाले, "आवाज बंद कर. नाहीतर येत्या बाजारात तुही फटफटी विकतो अन् दोन म्हशी आणतो. म्हैस दूध तरी देते."

बाबा शब्दाचे पक्के. बाजाराला चार दिवस होते. माझा तर त्या गाडीवर जीव. सबंध मुर्रीत फटफटीवाला मी एकटा. ती गेली असती तर मी नुसता बाबांचा मुलगा उरलो असतो.

दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या मिस्त्रीकडे गेलो. मागे माझी बायको सारजा बसली होती. तिचं माहेर डोंगरगडकडचं, जन्म हिंदीत गेलेला. (माझी हिंदी बाजारातली, पण आवाज मोठा.) मिस्त्री एका लॉरीखाली कमरेपर्यंत घुसला होता. तो बाहेर आला, चालू गाडीला कान लावला आणि त्या खडखडाटात ओरडला, "कुछ नहीं भैया, किलच के नट ढीले हैं। घर पे कस लो। हर नट को आधा चक्कर, बस।" आणि परत लॉरीखाली गेला.

घरी उतरल्यावर मी पाना शोधत म्हणालो, "आठ चक्कर. सोपं काम आहे."

"अवो, आधा म्हणला तो," सारजा म्हणाली. "आधा म्हणजे अर्धा."

"मले हिंदी येते."

"येते तं मंग आठ काऊन म्हणून राहिले?"

"अर्ध्या चक्करनं एवढी खडखड जाते का? थोडी अक्कल चालव."

तिनं चालवली असावी, कारण ती सरळ घरात निघून गेली. मी अंगणात गाडी आडवी केली, झाकण काढलं. आत चार नट, चारही ढिले. मोठ्यानं मोजत कसायला लागलो. चार चक्करपर्यंत नट राजीखुशीनं फिरले. पाचव्याला कुरकुरले. सहाव्याला मी पान्यात लोखंडी सब्बल अडकवली, सातव्याला तिच्यावर पाय ठेवला आणि आठव्याला दोन्ही पायांनी उभा राहिलो.

बाबा ओसरीवर अंबाडीची दोरी वळत हे बघत होते. आमचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. तलावाचं पाणी सोडायचं जे तोंड असतं, त्याला बुचासकट आम्ही तुडूम म्हणतो. जगातली कुठलीही गोष्ट बाबा तुडुमावरून समजून घेत. ते म्हणाले, "पोरा, तुडूम इतकं ठोकून नाही लावत. उद्या उघडाचं आहे, हे ध्यानात ठेवून लावते."

"बाबा, हे यंत्र आहे. तलाव नाही."

हे वाक्य मी जपून ठेवायला हवं होतं, कारण पुढच्या अर्ध्या तासात ते मला पाण्यासकट गिळावं लागलं.

गाडी सुरू करताना किलचचा दांडा हातानं दबेना. मला वाटलं, ही मजबुती. दोन गड्यांकडून ढकलून घेतली आणि काय सांगू, खडखड गेली होती! गाडी लेकुरवाळ्या बाईसारखी गुणगुणत निघाली. मी तलावाच्या पाळीवर चढलो, कारण बाबा तिकडे गेले होते आणि त्यांनी हे ऐकलंच पाहिजे होतं.

पण ऐकायला काही उरलंच नव्हतं. बाबा पाठमोरे, निर्धास्त उभे. मी थांबायला किलच दाबला. दबला नाही. दोन्ही हातांनी दाबला. त्या जुन्या गाडीचा वेग हँडलवरच्या खटक्यानं कमी करायचा असे, पण थांबायचं तर आधी किलच, एवढंच साहेबानं शिकवलं होतं. (ब्रेक पायाशी होता. माझे पाय तेव्हा हवेत होते.)

"बाबा, बाजूले व्हा!"

बाबा डावीकडे झाले. मी उजवीकडे वळलो. उजवीकडे तलाव होता, आमच्याच पणजोबांनी बांधलेला, चांगला खोल.

मला बाबांनी पागोटं टाकून ओढलं. गाडीला हरण्या-लाल्यानं ओढलं. तेच दोघे, आणि तिच्याकडे ढुंकूनही न बघता. सारा गाव पाळीवर जमला होता. मी चिखल निथळत उभा राहिलो. म्हशींचा रंग कोणता असावा, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

बाबांनी विचारलं, "आवाज गेला?"

"गेला."

"बैल भेले?"

"नाही."

"मंग राहू दे गाडी. बोललो तं बोललो."

मला रडूच आलं. पण ती चालणार कशी? मी पाना हातात धरून नटांकडे बघत बसलो. तेव्हा सारजा कोरडं धोतर घेऊन आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आठ दिले न? मंग साडेसात मागं घ्या."

साडेसात मागं घेतले. मिस्त्रीकडून गाडीच्या पोटातला चिखल काढून घेतला. गाडी पुढे कित्येक वर्षं बिनआवाजाची चालली.

सारजानं त्या दिवसाबद्दल मला कधी एका शब्दानं टोचलं नाही. फक्त जेवताना मी "भात आता अर्धीच पळी" म्हटलं, की ती मोजून आठ वाढते. मी वर बघितलं तर म्हणते, "कायले पाहता? तुमच्याच हिंदीत वाढलं." आणि मी आठही खातो. पोटाचं तुडूम गच्च बसलं तरी खातो.