सोडआत्याची तपकीर

आमच्या आत्यानं वांगं सोडलं होतं, कारलं सोडलं होतं, अंबाडीची भाजीही सोडली होती. धर्मापुरीत कुणाला ताप आला, कुणाची म्हैस अडली, की ती देवळात जाऊन महादेवाला सांगायची, "एवढं नीट कर, मी अमुक खायचं सोडते." म्हणून गाव तिला सोडआत्या म्हणे. यातलं काहीच तिला मुळात आवडत नव्हतं. मी तसं एकदा बोललो, तर म्हणाली, "देवाला ठाव न्हाई. तू चुगली करू नगं."

लग्नाच्या सालीच तिचा नवरा गेला. तेव्हापासून लोकांची शेतं खुरपून तिनं पोट भरलं, आईबाप गेल्यावर माझंही. "देवानं मला लई राबवलं," ती म्हणे, "आता मी त्येला राबवते."

लागोपाठ दोन साल पाणी पडलं नाही. माझी शाळा दुसरीतच सुटली होती, मिसरूड फुटल्यावर हैदराबादेत गिरणीत काम लागलं. घरात येणारा दाणा आता त्यावरच होता आणि मी मूळचा भित्रा. निघताना आत्यानं आपली तपकिरीची डबी महादेवापुढं ठेवली. "पोरगं तिथं वरीसभर टिकलं, तरच हिला हात लावीन." तपकिरीवाचून तिचा दिवस उजाडत नसे. या वेळी सौदा खरा होता.

थोड्याच महिन्यांत मी मुकादमाकडून सुट्टी काढून आलो, ते परत न जाण्याच्या बेतानं. गल्लीच्या तोंडाशीच शेजारच्या पिंजारी चाचांनी अडवलं. "काहून आलास बे? तपकीर सुटल्यापासून तुझी आत्या रोज एकाला धरती. काल माझ्या बकरीला शिव्या दिल्या. जा बाबा, टिक तिथं."

आत्या चुलीकडं वळली. भाकरी वाढून नाक चोळत बसली. "जायचं का ऱ्हायचं, तुजं तू बघ. तू न्हाई गेलास तर तपकीर देव वढंल."

पहाटे मी परतीची वाट धरली.

वर्ष भरल्यावर आलो, तेव्हा तिनं देवळातच चिमूट ओढली. शिंका थांबेनात. पुजारी उठून बाहेर गेला. डोळे पुसत ती म्हणाली, "ह्ये पाणी तपकिरीचं हाय. तुज्यासाठी न्हाई."

ती आमची शेवटची भेट ठरली. निघताना मी विचारलं, "आत्या, औंदा माझ्यासाठी काय सोडशील?"

"माजं झालं सोडून. आता तुजं तू सोड."

मी विचार करून म्हणालो, "भ्यायचं सोडतो."

"सोडायचं ते आवडीचं पायजे, मुडद्या." मग माझ्या तोंडाकडं निरखून बघत तिनं विचारलं, "का त्येच तुला लई आवडतंय?"